उसनवारीचा कळप

शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर वाटी रिकामी परत करायची नसते. साखर परत जातेच, पण तिच्याबरोबर त्या दिवशी घरात जे असेल त्यातलं थोडं जातं: दोन करंज्या, चार मिरच्या, नाहीतर परसातली कढीपत्त्याची डहाळी. मग काही दिवसांनी शेजारीणही तशीच वाटी घेऊन दारात उभी राहते. हा हिशेब कधी पुरा होत नाही. तो व्हावा असं कुणाला वाटतही नाही, कारण फिट्टंफाट झाली की येणंजाणं थांबतं.

अँडीज पर्वतातल्या उंच पठारांवर, पेरूच्या कुस्को आणि पुनो भागांत, अल्पाका ही लोकरीची जनावरं राखून जगणाऱ्या केचुआ कुटुंबांचा धर्म या वाटीपासून समजून घेता येतो. त्यांनी उसना आणलाय तो अख्खा कळप, आणि देणारा शेजारी म्हणजे समोर दिसणारा बर्फाचा डोंगर. डोंगराला ते ‘आपू’ म्हणतात, म्हणजे धनी. कुस्को भागातला सगळ्यात थोर आपू आउसांगाते, उंची 6,300 मीटरहून अधिक.

पेरूचे मानववंशशास्त्रज्ञ होर्खे फ्लोरेस ओचोआ यांनी पुनोतल्या पाराटिया इथल्या पशुपालकांचा अभ्यास केला आणि 1968 साली त्यावर पुस्तक लिहिलं. अल्पाका कुठून आले याबद्दल या पठारांवर जे सांगितलं जातं, ते त्यांच्या लेखनातून बाहेरच्या जगाला कळलं. हे सांगणं असं: अल्पाका डोंगरातल्या झऱ्यांतून आणि तळ्यांतून वर आले. डोंगराने ते माणसाच्या हवाली केले, पण कायमचे नव्हेत. नीट राखले नाहीत तर ते आल्या वाटेने परत जातील, आणि शेवटचा अल्पाका पाण्यात उतरेल त्या दिवशी जग संपेल.

पुरातत्त्वशास्त्र वेगळं सांगतं. हुनीन भागातल्या तेलार्माचाय या कपारीत सापडलेल्या हाडांवरून दिसतं, की माणसाने सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी या जनावरांना माणसाळवायला सुरुवात केली. अल्पाका हा रानटी विकुन्याचा वंशज आहे, हे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिलं. पण या दोन सांगण्यांची झुंज लावायचं कारण नाही. शास्त्र ‘हे जनावर कसं आलं’ याचं उत्तर देतं. पाराटियाचा राखणदार ‘हे जनावर कुणाचं’ या प्रश्नाचं उत्तर देतोय, आणि हा दुसरा प्रश्न हाडं तपासून सुटणारा नाही. ज्याच्या जिवावर आपण जगतो, ते आपलं असतं का? जगातल्या बहुतेक धर्मांनी या प्रश्नाला कधी ना कधी हात घातला आहे. इथे मात्र तो रोज सकाळी कुंपणाचा दगड बाजूला सरकवताना समोर येतो.

ती सकाळ कशी असते हे पाहायला हवं. चार-साडेचार हजार मीटरांवर पीक फारसं येत नाही. दगडाची भिंत, वर ‘इचू’ नावाच्या गवताचं छप्पर, शेजारी दगडी कुंपणाचा वाडा, एवढं घर. चुलीला लाकूड नसतं, कारण झाडंच नसतात, म्हणून वाळलेल्या लेंड्या जाळायच्या. अल्पाका सगळे मिळून एकाच जागी लेंड्या टाकतात, त्यामुळे सरपण गोळा करायला फार हिंडावं लागत नाही. गवतावरचं दव गोठलेलं असतं, ते उन्हाने वितळलं की कळप बाहेर निघतो. त्याच्यामागे बहुतेक वेळा बाई किंवा पोरं असतात. हातात अल्पाकाच्याच लोकरीची वेणलेली गोफण, तोंडात कोकाची पानं.

जानेवारी ते मार्च हे विण्याचे महिने. साडेअकरा महिने पोटात वाढलेलं पिल्लू बहुतेक वेळा सकाळी ते दुपार या वेळातच जन्मतं, आणि त्याला कारण आहे. गाय वासराला चाटून कोरडं करते तशी अल्पाकाची आई करू शकत नाही. ओलं पिल्लू ऊन आणि वाऱ्यानेच वाळतं. रात्र पडण्याआधी ते सुकलं नाही, तर थंडी त्याला सोडत नाही. म्हणून आभाळ भरून आलं, गारा सुरू झाल्या, की राखणारी बाई आपल्या अंगावरचं कापड काढते, पिल्लाला पुसून घेते, आईच्या सडाला लावते आणि वारा अडवून बसून राहते. त्या वेळी त्या बाईला कुणी मालकीण म्हणालं, तर तो शब्द तिला शोभणार नाही. ती दाईचं काम करत असते.

केचुआ भाषेत पाळीव जनावराला ‘उइवा’ म्हणतात, आणि त्याच मुळापासून पोसणं, वाढवणं या अर्थाचं क्रियापद येतं. दक्षिणेकडच्या आयमारा भाषिकांत घराचं आणि कळपाचं रक्षण करणाऱ्या डोंगराला ‘उइविरी’ म्हणतात: जो पोसतो तो. मराठीत यासाठी शब्द शोधत बसावं लागत नाही, ‘पोशिंदा’ आहेच. डोंगर माणसाला पोसतो, माणूस अल्पाकाला आणि अल्पाका माणसाला. एकच क्रियापद तिघांना लागू होतं, आणि कोण कुणाचा धनी हे त्या साखळीतल्या कोणत्याही एका कडीवर बोट ठेवून सांगता येत नाही.

याचा अर्थ तिथे मालकी नावाची गोष्टच नाही असा नव्हे. कानाला खूण करून कोणतं जनावर कुणाचं ते ठरतं, चोऱ्या होतात, वाटण्या होतात, भाऊ भांडतात. गावात तो मालकच असतो. डोंगरापुढे मात्र तो राखणदार.

मुलाला पहिलं जनावर कसं मिळतं ते मराठी वाचकाने मुद्दाम पाहावं. मूल थोडं मोठं झालं, की त्याचे जन्मापासून न कापलेले केस काढायचा विधी होतो. त्याला ‘रुतुचिकुय’ म्हणतात, आणि तो इंकांच्या काळापासून चालत आला आहे. आपल्याकडे जावळ काढतात तसंच. तिथे मात्र न्हावी नसतो. धर्मपिता पहिली बट कापतो, मग एकेक नातेवाईक पुढे होऊन एकेक बट कापतो, आणि कापताना मुलाला काहीतरी देतो: पैसे, मेंढी, नाहीतर अल्पाकाचं पिल्लू. त्या पिल्लाची पुढची वीण मुलाची. आपल्याकडे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीलाही जावळच म्हणतात, आणि जावळाच्या घोंगडीला मान असतो. बाळाचे केस आणि कोकराची लोकर यांना एकच शब्द द्यावा असं सह्याद्रीच्या पायथ्याशी कुणाला तरी सुचलं. अँडीजमध्ये बाळाचे केस उतरवून त्याच्या हाती लोकरीचं जनावर दिलं जातं. दोन्हीकडे केसांकडे पाहायची नजर सारखी आहे: ते अंगावर आपोआप आलेलं देणं आहे आणि ते पहिल्यांदा उतरवताना चार माणसं साक्षीला हवीत.

लोकर कातरतात ती साधारण पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. त्यातली बरीच विकली जाते, घरापुरती ठेवली जाते. घरची लोकर टकळीवर काततात. या टकळीला ‘पुष्का’ म्हणतात, आणि ती ठेवून बाई कुठे गेली असं सहसा दिसत नाही. कळपामागे चालताना, बाजाराच्या वाटेवर, दारात गप्पा मारताना डाव्या हातातून लोकर सुटते, उजवा हात चातीला गिरकी देतो आणि सूत गुंडाळलं जातं. नेहमीचं सूत एकाच ठरलेल्या दिशेने पिळतात, मग दोन धागे एकत्र घेऊन उलट्या दिशेने पीळ देतात. ज्या सुताचा सगळा पीळ मुद्दाम उलटा असतो त्याला ‘ल्योके’ म्हणतात, म्हणजे डावं. तेच साधन, तीच लोकर आणि तोच हात, फक्त गिरकी उलटी. या डाव्या सुताने वाईटाला अडवता येतं अशी श्रद्धा आहे. म्हणून ते कापडाच्या काठाला विणतात, मनगटाला किंवा घोट्याला बांधतात. आपल्याकडे बाळाच्या पायात काळा दोरा असतो, तिथे दोऱ्याचा पीळ पाहतात. धर्म जर बोटांत उतरला असेल तर तो असा दिसतो. मंत्र येत नसलेली बाईही सूत कोणत्या बाजूने पिळायचं हे चुकत नाही.

घराच्या आत, विणलेल्या कापडाच्या गाठोड्यात, छोटे दगड असतात. काही नुसतेच जनावराच्या आकाराचे वाटणारे, काही कोरलेले. फ्लोरेस ओचोआ यांनी त्यांची ‘एंका’, ‘इल्या’ अशी नावं आणि त्यांच्यातले फरक नोंदवून ठेवले आहेत. कळपाची वाढण्याची शक्ती या दगडांत असते आणि ती डोंगराने दिलेली असते, असं मानतात. ठरलेल्या दिवसांत गाठोडं उघडतं, दगडांना कोकाची पानं, मक्याची दारू आणि चरबी अर्पण होते. तरण्या नर-मादीचं लग्न लावतात, कानात रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात.

हे दगड स्पॅनिश धर्मगुरूंना सलले. जेझुइट पाद्री पाब्लो होसे दे आर्रियागा यांनी 1621 सालच्या मूर्तिभंजनावरच्या आपल्या पुस्तकात हिशेबच दिला आहे: दीड वर्षाच्या मोहिमेत 3,418 ‘कोनोपा’, म्हणजे असे घरगुती दगडी देव, हस्तगत केले. त्या आकड्यामागे किती चुली असतील याचा विचार केला की आजही वाईट वाटतं. घराघरातून दगड गेले. डोंगर मात्र कुणाला उचलून नेता येण्यासारखा नव्हता, आणि उसनवारी तर डोंगराशी होती. पुढे याच राखणदारांनी ख्रिस्तालाही मनापासून जवळ केलं. आज एकाच घरात क्रूस आणि गाठोडं दोन्ही असतात, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही.

या श्रद्धेकडे पाहायची एक शहाणी पद्धत आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. केंट फ्लॅनरी, जॉइस मार्कस आणि रॉबर्ट रेनॉल्ड्स या तीन अमेरिकी संशोधकांनी पेरूच्या आयाकुचो भागातल्या लामा पाळणाऱ्यांवर 1989 साली पुस्तक प्रसिद्ध केलं. तिथे डोंगराला ‘वामानी’ म्हणतात, आणि कळपाचा खरा धनी तोच. कळपाच्या वार्षिक विधीत लोक नातेवाइकांना जनावरं भेट देतात. ही देवघेव वर्षानुवर्षं चालू राहिली तर कळपांचं काय होतं, याचं गणित संशोधकांनी संगणकावर मांडून पाहिलं. त्यांना दिसलं, की अशा भेटींमुळे लहान कळप टिकायला मदत होते. थंडीने, रोगाने, कोल्ह्याने ज्याचं घर बसलं त्याला दुसऱ्याच्या वाड्यातून पुन्हा बी मिळतं. या पठारावर ही गोष्ट लहान नाही: 2013 सालच्या बर्फवृष्टीत पुनो भागात हजारोंनी अल्पाका मेले.

तेव्हा कुणी म्हणेल, उलगडा झाला: डोंगराची भीती घालून समाजाने विमा उतरवून ठेवलाय. हे म्हणणं अर्धं खरं आहे. भेट दिल्याने फायदा होतो हे खरंच, पण देणारा फायद्यासाठी देत नाही, आणि फायद्यासाठी देऊ लागला तर ज्या वर्षी स्वतःचा कळप रोडावेल त्या वर्षी तो हात आखडता घेईल. गणित चालतं, कारण माणसं गणित करत नाहीत. ‘हे माझं नाही, माझ्याकडे आहे’ असं खरोखर वाटणारी माणसं असली तरच तो विमा उभा राहतो. श्रद्धेचं फळ सांगितलं म्हणजे श्रद्धा सांगून झाली असं होत नाही.

भारतीय मनाला ही कल्पना अनोळखी नाही. ईशावास्य उपनिषदाची सुरुवातच सगळं काही ईश्वराचं आहे या विचाराने होते. गांधीजींना त्या पहिल्या मंत्रात आपल्या विश्वस्तवृत्तीचा आधार दिसला, आणि विनोबांनी त्या उपनिषदावर ‘ईशावास्यवृत्ति’ लिहिली. पण एक फरक आहे, आणि विचार करायला लावणारा आहे. उपनिषदातला ईश्वर सगळीकडे आहे, म्हणून तो कुठल्या एका दिशेला दिसत नाही. त्याला भूकही लागत नाही. आपू दारातून दिसतो, ढगात जातो, रागावतो, आणि त्याला भूक लागते. ऑगस्ट उजाडला की धरित्री, म्हणजे पाचामामा, तोंड उघडते असं म्हणतात. मग रात्री कागद पसरून त्यावर तीन-तीन कोका पानांचे जुडगे, लामाची चरबी, मक्याचे दाणे, गोड खाऊ, रंगीत लोकर मांडतात आणि तो नैवेद्य जाळतात. ज्याने दिलं त्यालाही खायला लागतं, हे एकदा मान्य केलं की ऋण ही कल्पना बदलते. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण फेडून मोकळं व्हायची भाषा आहे. अँडीजमध्ये या देवघेवीला ‘आइनी’ म्हणतात, आणि तिच्यातून मोकळं होणं म्हणजे शेजार तुटणं. वाटी फिरती राहिली पाहिजे.

इथे वारकरी किंवा जैन घरात वाढलेला वाचक अडखळेल, आणि त्याने अडखळावंच. अल्पाका मारूनही खातात. धान्य न पिकणाऱ्या उंचीवर मांस हे अन्न आहे. ते थंडीत वाळवून साठवतात आणि खालच्या दऱ्यांत नेऊन मका-बटाट्याच्या बदल्यात देतात. बोलिव्हिया आणि चिलीकडच्या आयमारा विधींत बळी दिलेल्या जनावराची हाडं मोडत नाहीत. ती जपून पुरतात, म्हणजे जनावर पुन्हा अंग धरून येईल. मारण्याआधी डोंगराची परवानगी मागतात. यात क्रूरता लपवलेली नाही, मारणं हे मारणंच आहे हे ते जाणतात. तरीही प्रश्न उरतो: परवानगी डोंगराला विचारली, जनावराला कुणी विचारलं? उसनवारीच्या या धर्मात हा दुवा कच्चा आहे आणि अहिंसेच्या परंपरेने त्यावर बोट ठेवणं रास्त आहे. मात्र कत्तलखाना गावाबाहेर आणि लोकरीचा शर्ट दुकानात ठेवणाऱ्या आपल्या जगाला, हे बोट उगारण्याआधी स्वतःच्या अंगावरचं कापड कुठून आलं ते शोधावं लागेल.

शोधलं तर वाट इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला जाते. तिथले गिरणीमालक टायटस सॉल्ट यांनी 1836च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेल्या अल्पाका लोकरीच्या गासड्या विकत घेतल्या, तिचं सूत यंत्रावर कातायची युक्ती साधली आणि त्या कमाईवर 1853 साली सॉल्टेअर इथे आपली प्रचंड गिरणी सुरू केली. तेव्हापासून पठारावरची लोकर जगाच्या बाजाराला जोडली गेली. आजही आरेकिपा शहरात बायका नुसत्या बोटांनी चाचपून लोकरीची प्रत ठरवतात आणि ढीग वेगळे करतात. त्या बोटांची पारख थक्क करणारी आहे. पण वजनावर पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याला मऊपणाशी देणंघेणं नसतं, आणि गिरणीला पांढरी लोकर हवी असते, कारण तिच्यावर कोणताही रंग चढतो. त्यामुळे पांढऱ्याला भाव, काळ्या-तपकिरीला कमी भाव. पेरूमधले बहुतेक अल्पाका आज पांढरे आहेत.

हा नुकसानीचा हिशेब निव्वळ आर्थिक नाही. इंकांच्या काळात कोणत्या देवाला कोणत्या रंगाचं जनावर हे ठरलेलं होतं, सूर्याला पांढरं, इतरांना वेगळं. मोकेगुआजवळच्या एल यारालमध्ये हजारेक वर्षांपूर्वीचे सुकून टिकलेले लामा-अल्पाका सापडले, आणि त्यांची लोकर आजच्या कळपांपेक्षा तलम आणि एकसारखी असल्याचं जेन व्हीलर यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे डोंगराने जे हवाली केलं त्यात काळा होता, करडा होता, दालचिनीच्या रंगाचा होता, आणि हाताला रेशमासारखा लागणाराही होता. उसनं घेतलेलं निम्मंच शिल्लक असेल तर राखणदाराने डोंगराला काय सांगायचं? पुनोतल्या किम्साचाता इथल्या सरकारी संशोधन केंद्रात रंगीत अल्पाकांचे कळप जपले जातात, हे पुण्याचं काम आहे. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीलाही आज गिऱ्हाईक नाही, आणि कातरलेली लोकर टाकून देणारे धनगर महाराष्ट्रात आहेत.

कापड आणि देव यांची गाठ सांगणारी एक कथा आउसांगातेच्या परिसरातच घडते. 1780च्या सुमारास सिनाकारा खोऱ्यात मारियानो माय्ता नावाचा पोरगा बापाचा कळप राखत होता. त्याला मानुएल नावाचा एक गोरा मुलगा भेटला. दोघांची गट्टी जमली आणि कळप भराभर वाढला. खूश झालेल्या बापाने नवे कपडे देऊ केले, तेव्हा मारियानोने मित्रालाही त्याच्यासारखेच कपडे मिळावेत म्हणून त्याच्या अंगरख्याचा तुकडा नमुन्याला कुस्कोला नेला. तिथे कळलं, की असं तलम कापड फक्त बिशप वापरतात. चौकशीला माणसं आली. मुलगा प्रकाशात नाहीसा झाला आणि झुडपावर ख्रिस्ताची आकृती उरली. मारियानोने त्याच जागी प्राण सोडला. बानूसाठी मेंढरं राखणारा खंडोबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना राखणदाराच्या सोबतीला आलेला देव ओळखायला वेळ लागणार नाही. विशेष हे, की इथे देवाची ओळख चेहऱ्यावरून पटत नाही, कापडाच्या पोतावरून पटते.

त्या जागी दरवर्षी मे-जूनमध्ये कोइयूर रितीची यात्रा भरते. युनेस्कोने 2011 साली तिचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. यात्रेत ‘उकुकु’ असतात, अर्धे अस्वल, अर्धी माणसं, तोंडावर लोकरीचे विणलेले मुखवटे. ते रात्री हिमनदीवर चढत आणि पहाटे बर्फाच्या लाद्या पाठीवर घेऊन खाली येत. ते पाणी औषध म्हणून घरी, रानात, कळपाला दिलं जाई. पण हिमनदी मागे सरकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अल्पाका ज्या दलदलीच्या कुरणांवर चरतात त्यांना पाणी पुरवायला हेच बर्फ आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत उकुकुंनी लाद्या तोडायचं थांबवलं. ते अजूनही रात्री चढतात, बर्फावर क्रूस रोवतात, पहाट होईपर्यंत थांबतात. उतरताना त्यांच्या पाठीवर बर्फाची लादी नसते.